दहा टक्क्यांची ढाल

“मॅडम, तुमच्या टूलमुळं ग्रुपमधी मला चोर म्हणत्यात. इकणारा माझाच माणूस हाय म्हनं.”

फोनवर श्रीरामपूरचे युनूसभाई होते. पन्नाशीचे, कापडदुकानदार. दुकान बंद केल्यावर मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळायचे. टीमची सामाईक नाणी विश्वासाने त्यांच्याकडे ठेवलेली. आमच्या टूलवर गेममधली एक ढाल स्वस्त दिसली म्हणून त्यांनी ती सगळी नाणी तिच्यात घातली, आणि आता ती ढाल कोणी पावपट किमतीतही घेईना. ढाल विकणाऱ्याशी यांचं साटंलोटं आहे असं ठरवून टीमने त्यांना ग्रुपमधूनच काढून टाकलं होतं.

मी तेव्हा भिंगारला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आमचं टूल गेममधल्या लिलावावर लक्ष ठेवायचं. तिथे खेळाडू आपापल्या वस्तू किंमत लावून विकायला ठेवतात. टूल ती यादी सतत वाचतं, प्रत्येक वस्तूची मार्केट प्राइस काढतं आणि समोरची वस्तू तिच्या किती टक्क्यांत मिळतेय ते दाखवतं. शंभर म्हणजे बाजारभाव, पन्नास म्हणजे निम्मी किंमत. पन्नासच्या खाली गेलं की आकडा हिरवा.

युनूसभाईंची ढाल दहा हजार नाण्यांची. मार्केट प्राइस एक लाख. म्हणजे हिरवेगार दहा टक्के.

मी डेटा उघडला आणि माझं डोकंच फिरलं. एकाच विक्रेत्याने तशाच पाच ढाली लाख-लाखाला लावून ठेवल्या होत्या. एकही खपली नव्हती. तरी आमच्या टूलने त्यांच्यावरून लाख हा बाजारभाव ठरवला, आणि त्याच माणसाने सहावी ढाल दहा हजारांना लावली. खरोखर विकल्या गेलेल्या ढाली दोन हजारांच्या आसपास गेल्या होत्या.

मी काष्टीची. आमच्या जनावरांच्या बाजारात तोंडाने सांगितलेला भाव कोणी भाव म्हणून धरत नाही. सौदा रुमालाखाली बोटांवर ठरतो. शेंबड्या पोरालाही कळतं ते आमच्या टूलला कळत नव्हतं. मी तडक कंपनी चालवणाऱ्या सरांकडे गेले. मुदत संपण्याआधी यादीतून गेलेली वस्तू बहुधा विकली गेलेली असते, तेवढ्याच किमती धरू या, असं सुचवलं.

“माहितीये मला,” सर शांतपणे म्हणाले. “पण मग हिरवं फारसं काही दिसणार नाही. हिरवं दिसलं नाही तर लोक टूल उघडतील कशाला?”

“म्हणजे आपण जाणूनबुजून फसवतोय, सर.”

“खाली लिहिलंय ना, आकडे अंदाजे आहेत म्हणून.”

लिहिलं होतं खरं. भिंग लावून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत. या निर्लज्जपणाचा मला इतका संताप आला की मी सरांना न विचारता युनूसभाईंच्या टीमला सगळा हिशोब लिहून पाठवला. चूक टूलची आहे, यांची नाही, असं स्वतःच्या नावाने लिहिलं. ते वाचून आणखी तक्रारी आल्या, आणि सरांनी आधी मला झापलं, मग फॉर्म्युला बदलायला सांगितलं.

युनूसभाईंचा पुन्हा फोन आला. “घेतलं मला परत. पन नाणी आता दुसऱ्याकडं दिलीत,” एवढंच म्हणाले.

नवा फॉर्म्युला सरांनी सुरू केला, पण फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी. फुकट वापरणाऱ्यांना जुनंच हिरवं ठेवलं. मी राजीनामा दिला.

स्क्रीनवर दहा टक्के दिसले की आधी विचारा, कशाचे. उत्तरासाठी वर्गणी मागितली, तर समजून जा.