लास व्हेगसचा एक्केचाळिसावा मजला

मी अमेरिकेत चँडलरला मुलाकडे आले की निखिल मला कुठेतरी फिरवून आणतो. या मे महिन्यात लास व्हेगस निघालं, कारण तिथल्या एका टोलेजंग टॉवरच्या एक्केचाळिसाव्या मजल्यावर त्याने फ्लॅट बुक केला होता. टॉवर अजून बांधायचा होता. पुण्याच्या कॉलेजपासूनचा त्याचा मित्र संदीप, चँडलरला मागच्याच गल्लीत राहतो, त्याने शेजारचा फ्लॅट घेतलेला. सुट्ट्या एकत्र, गणपतीही तिथेच, असा बेत. मग कोपऱ्यातला फ्लॅट कोणाचा यावरून दोघांचं बोलणं बंद. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खिडकीजवळच्या बाकावरून असेच रुसवे व्हायचे; पण तिथे बाक तरी होता!

सेल्स ऑफिसने दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. रस्ता एक, गाड्या दोन; आमच्या गाडीत नातूही होता. जाणाऱ्यांनी पहाटे निघावं, पाणी भरपूर घ्यावं. वाटेतल्या किंगमन गावापर्यंत कॅक्टस आणि कंटाळा याखेरीज काही नाही. किंगमनच्या पेट्रोल पंपावर मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. संदीप येऊन म्हणाला, "काकू, दोन द्या ना." निखिल लगेच टायर तपासायला गेला. हूव्हर धरणावर पोलीस गाड्या तपासतात, तिथे तासभर रांगेत उकडून निघालो. धरण मात्र बघण्यासारखं. मुख्य म्हणजे ते बांधलेलं आहे.

सेल्स ऑफिसात थंडगार हवा, फुकट शॅम्पेन आणि काचेच्या पेटीत टॉवरची प्रतिकृती. गच्चीवरच्या तलावात प्लास्टिकची माणसं पोहत होती. गोड आवाजाच्या बाईने सांगितलं, बांधकाम रद्द. डिपॉझिट चेकने परत मिळेल. आणि मला म्हणाली, "हनी, थोडी शॅम्पेन?"

"नको," मी म्हटलं. "मला जागा दाखवा."

जागा शेजारीच होती. तारेचं कुंपण, खडी, वाऱ्यावर फडफडणारं जाहिरातीचं कापड. नातू म्हणाला, "आजी, देअर इज नथिंग हिअर!" तेवढ्यात कित्येक महिन्यांनंतर दोघे मित्र एकमेकांशी बोलले.

"तसाही कॉर्नर माझाच होता," निखिल.

"यार, तुझा कसा? ईमेल दाखवू?"

"अरे, तो कोपरा आता कावळ्यांचा," मी म्हटलं. "चला जेवायला."

कसिनोतला बुफे महाग आणि अळणी आहे. पहिल्या फेरीत फळं घ्या, बाकी सोडा. आम्ही दोन टेबलांवर बसून जेवलो. परतताना संदीपची गाडी सबंध रस्ता आमच्या पुढे होती आणि निखिल ती ओव्हरटेक करायला धडपडत होता.

त्याला आता तीन महिने झाले. चेक आले, वटले. एकामागोमाग दोन्ही घरांतून मला फोन: "आमच्या गणपतीला उकडीचे मोदक तुम्हीच करायचे." आजवर दोन्ही घरांचा मिळून एकच गणपती असायचा. मी दोघांनाही सांगितलं, मोदक एकाच घरी होतील, कुठल्या ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा आणि मला एकत्र येऊन सांगा. तांदळाची पिठी आणून ठेवली आहे. चतुर्थी परवा आहे, आणि अजून कोणी आलेलं नाही.