हिवर कोणत्या तालुक्यात?

परतूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर म्हणून राबलेले पाशामियाँ येत्या शनिवारी रिटायर होणार होते. गुडघे कधीचेच झाले होते. जन्माची कमाई म्हणाल तर दोन लाकडी पेट्या, आत टाचणीला टोचलेले लांब मिशांचे भुंगेरे. हे किडे लाकूड पोखरतात. वखारीत ओंडका चिरताना एखादा निघाला की आरेवाला हाक मारायचा आणि मियाँ डबी घेऊन हजर. चिठ्ठीवर तारीख आणि लाकूड कशाचं, एवढंच लिहायचे. एका पेटीत ‘बाभूळ’, दुसरीत ‘हिवर’. हिवरातल्याच्या मानेमागे दोन पांढरे ठिपके, बाभळीतल्याला नाहीत. दोन्ही जाती वेगळ्या, हे ते येईल त्या प्राध्यापकाला सांगायचे. प्राध्यापक मान डोलवून चहाला जायचे.

कोल्हापूरकडच्या तृप्ती मॅडमनी मात्र ऐकलं, फोटो आणि यादी पुण्याच्या तज्ज्ञांना पाठवली. सोमवारी मॅडमनी निकाल तेवढा सांगितला, “एकच जात आहे चाचा. एका पेटीत ठेवा म्हणतात.”

भांडायला अंगात जोर लागतो. दिवसभर बसून मियाँनी दोन्ही पेट्या एकत्र कालवल्या.

संध्याकाळी मॅडम नवी यादी करायला बसल्या. “चाचा, हे हिवर कुठल्या तालुक्यात येतं? पुण्याचे सर म्हणतात, गावं वेगळी म्हणून ठिपक्यांत फरक.”

“तालुका? मॅडम, हिवर झाड हाय! पांढऱ्या सालीचं. इथं बांधाबांधाला उभं हाय.”

मॅडमचा चेहरा उतरला. “मी ठिकाणाच्या रकान्यात हिवरा लिहिलं. आणि बाभूळचं बाभूळगाव केलं.”

मियाँना हसू आलं, मग राग आला, तोही स्वतःचाच. कुठली गावं, एवढंही आपण विचारलं नाही. मुकाट्याने पेट्या कालवल्या.

“मी आजच पुण्याला कळवते. तुम्ही घरी जा, दमलात.”

“दमलो तर बिलकुल हाय. पन शनिवारनंतर हे कोन निवडंल?”

त्यांनी चष्मा पुसला, ठिपकेवाला एक भुंगेरा उचलला आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘हिवर’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘झाड’. एकतीस वर्षांत हा शब्द लिहावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अजून एकशे अकरा राहिले होते.