पहाटेच्या देवीचं लफडं

प्रूफकाकांनी जन्मभर ज्या मजकुरावर लाल पेन फिरवलं, त्याच मजकुराने त्यांना म्हातारपणी थोडाफार मान मिळवून दिला. मिळाला तोही कुठे, तर डायलिसिसच्या खोलीत, खुर्ची नंबर तीनवर. देवाकडे विनोदबुद्धी आहे म्हणतात ती ही असावी.

खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. सहा खुर्च्या, सहा मशीनं, एक वजनकाटा आणि भिंतीवर एक टीव्ही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. आल्याबरोबर वजन करायचं, हाताच्या फुगवलेल्या शिरेत दोन सुया टोचून घ्यायच्या, आणि आपलंच रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत येताना चार तास बघत बसायचं. पाणी दिवसाकाठी मोजून तीन कप. त्याहून जास्त प्यायलं तर काटा चुगली करतो आणि सिस्टर सगळ्यांसमोर झापते. साठी उलटलेल्या माणसांना शाळकरी पोरांसारखं झापून घ्यावं लागतं. किडन्यांबरोबर अब्रूही जाते.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चौतीस वर्षं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि स्वतःचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, असं ते काम. तरुणपणी त्यांच्या टेबलावर ग्रीक पुराणकथांचं एक जाडजूड पुस्तक आलं. शाळांसाठी छापायचं होतं. मालकाने सांगितलं, ‘‘यातलं चावट ते सगळं काढा. पोरांच्या हातात जाणार आहे.’’ काका कामाला लागले आणि पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की चावट काढलं तर उरतात ते फक्त पानांचे आकडे. ते देव सकाळी उठून दुसऱ्याची बायको पळवायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या बायकोपासून लपत फिरायचे. काकांनी ‘पळवून नेले’ खोडून ‘विवाह केला’ असं लिहिलं. त्यांच्या आवृत्तीत देवांच्या राजाचे अकरा विवाह झाले आणि पट्टराणी शेवटपर्यंत प्रसन्न राहिली.

कापलेले कागद मात्र काकांनी फेकले नाहीत. घरी नेऊन बायकोला वाचून दाखवले. ती भांडी घासता घासता हसायची आणि म्हणायची, ‘‘देव असून ही तऱ्हा! मग तुमचा मालक बरा.’’ बायको गेली, कागदही कुठेतरी गेले. मजकूर तेवढा डोक्यात राहिला.

एका बुधवारी खोलीतला टीव्ही बंद पडला. पाच नंबरवरच्या टॅक्सीवाल्याने आधी टीव्हीला, मग दवाखान्याला, मग आपल्या नशिबाला शिव्या घातल्या. चार नंबरवर ऑपरेटरबाई होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या, आवाज अजूनही खणखणीत. त्या म्हणाल्या, ‘‘कोणीतरी काहीतरी बोला हो. नाहीतर मी या मशीनशी संसार थाटेन.’’

काकांनी घसा खाकरला आणि लंगड्या लोहाराची गोष्ट सांगितली. हा देवांचा लोहार, बायको त्रिभुवनात देखणी, आणि तिचं सूत जुळलं युद्धाच्या देवाशी. सूर्याला वरून सगळं दिसतं, त्याने चहाडी केली. लोहाराने डोळ्याला दिसणार नाही असं बारीक जाळं घडवलं, पलंगावर लावलं, आणि दोघं अडकली तेव्हा सगळ्या देवांना हाका मारून बोलावलं. या, बघा! आपलीच अब्रू आपणच चव्हाट्यावर मांडली. देव आले आणि पोट धरधरून हसले. एकाने दुसऱ्याला कोपरखळी मारली, ‘‘काय रे, तुला असं अडकायला आवडेल का?’’ दुसरा म्हणाला, ‘‘तिप्पट जाळी टाका, मी तयार आहे!’’

ऑपरेटरबाई अशा हसल्या की त्यांचा हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली. बाई तिलाच म्हणाल्या, ‘‘रागावू नका हो, इथे पलंगावर देव सापडलाय.’’

तेव्हापासून काकांना उसंत मिळेना. ग्रीक नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून खोलीने आपली नावं ठेवली. देवांचा राजा तो थोरला, त्याची बायको थोरली. ‘‘थोरल्याचं आज काय?’’ टॅक्सीवाला आल्या आल्या विचारायचा. आज थोरला बैल झाला, उद्या हंस, परवा सोन्याचा पाऊस. बाई म्हणायच्या, ‘‘मेल्याला एवढी रूपं येतात, तर एकदा नवऱ्याचं रूप घेऊन घरी जायला काय होतं?’’ चार तास कसे जात कळत नसे. दोन-तीन हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा समुद्राकाठच्या लोकांनी आपल्या देवांची लफडी रचली आणि ती इथे, सुया टोचलेल्या सहा जणांना पुरत होती. औषधांची मुदत वर्षा-दीड वर्षात संपते. चहाडी मात्र आंबत नाही.

महिन्याभराने बाईंची मुलगी काकांना बाहेरच्या बाकावर भेटली. हातातला डबा उगाच इकडचा तिकडे करत म्हणाली, ‘‘काका, आई यायचं नाही म्हणते. कंटाळली. पुरे म्हणते. शुक्रवारी का आली माहीत आहे? त्या गाय केलेल्या मुलीचं पुढे काय झालं, ते ऐकायला.’’ मग तिने काकांचा हात धरला. ‘‘एक कराल? गोष्ट कधीच पूर्ण संपवू नका. पुढच्या वेळेसाठी थोडी ठेवत चला.’’

न येणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. दहा-बारा दिवस. फार तर पंधरा. काकांनी मान हलवली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती मुलीसाठी हलवली नव्हती. बायको गेल्यापासून त्यांच्या बोलण्यावर इतकं मनापासून कुणी हसलं नव्हतं. मुलगा चांगला होता, सूनही चांगली होती. दोघंही त्यांना औषधाची वेळ विचारायची, आणखी काही विचारायची नाहीत.

सात महिने काकांनी हे केलं. त्या गायीवर बसवलेला शंभर डोळ्यांचा पहारेकरी सोमवारी झोपी गेला आणि बुधवारपर्यंत त्याला झोपवूनच ठेवलं. अकराला दहा कमी असताना थोरली दार ठोठावायची आणि काका म्हणायचे, ‘‘राहू दे आता, परवा उघडू.’’ बाई चिडायच्या, ‘‘अहो, सिरियलवाल्यांपेक्षा वाईट आहात तुम्ही!’’ पण परवा यायच्या. पायांत गोळे येत होते, हात काळानिळा पडला होता, जिन्याच्या चार पायऱ्यांना दम लागत होता, तरी यायच्या.

पण कापलेले कागद ते कापलेले कागद, त्यांना अंत होता. एकेक करत सगळी लफडी संपली. उरली एकच, पहाटेच्या देवीची. ती काकांनी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिचा शेवट त्यांना ठाऊक होता. एका बुधवारी नाइलाजाने त्यांनी तिला हात घातला.

ही पहाटेची देवी. रोज आकाशाची दारं उघडते, गुलाबी बोटांची, दिसायला लाजरी. पण हिने एकदा त्याच युद्धाच्या देवाशी नको ते केलं, आणि लोहाराच्या बायकोने जळफळून शाप दिला की तुला यापुढे माणसांचीच पोरं आवडतील. झालं! दिसला तरणा देखणा पोरगा की हिने उचललाच. टॅक्सीवाला खूश झाला. ‘‘म्हणजे बायकांमधला थोरला!’’ तर एक राजपुत्र हिला असा आवडला की याने कधी मरूच नये असं वाटलं. गेली थोरल्याकडे. म्हणाली, याला अमर कर. थोरल्याने मान डोलावली. काका म्हणाले, ‘‘राहू दे आता, परवा.’’

शुक्रवारी बाई उशिरा आल्या. मुलीने धरून खुर्चीत बसवलं. सुई नीट लागेना, टेक्निशियनने तीनदा टोचलं. बाई ओरडल्या नाहीत, आणि तेच काकांना बरं वाटलं नाही. रक्त फिरायला लागल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘हं. पुढे.’’

काका सांगू लागले. कितीतरी वर्षं दोघं सुखात राहिली. मग त्याच्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला. इथपर्यंत काका आले आणि हात आपोआप लाल पेनाकडे जावा तशी त्यांची जीभ वळली. ‘‘मग देवीच्या लक्षात आलं की तारुण्य मागायचं राहिलंच. ती तशीच थोरल्याकडे धावली, थोरल्याने तेही दिलं, आणि तो पुन्हा पंचविशीचा झाला. अजून आहेत म्हणे दोघं.’’

टॅक्सीवाला म्हणाला, ‘‘वा!’’ मशीनचं चाक गरगरत राहिलं.

‘‘खोटं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘पुस्तकात असंच आहे.’’

‘‘प्रूफवाले, तीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली आहेत. खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो. तुम्ही आत्ता घेतलात. आणि थोरला कधी कुणाचं भलं करतो का? सात महिने ओळखतेय मी त्याला.’’

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

‘‘खरा शेवट सांगा. पूर्ण. सोमवारसाठी काही ठेवू नका.’’

काकांना कळलं. दाराच्या काचेतून मुलगी दिसत होती, बाकावर बसलेली, मांडीवर डबा. अजूनही वेळ होता. ‘एवढं मोठं लफडं एका दिवसात कसं संपेल, बाई?’ असं म्हणता आलं असतं. बाई सोमवारी कदाचित आल्याही असत्या. काकांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जांभळी, आणि तिच्यात आज नव्याने पाडलेली तीन भोकं. यांना अजून किती सोमवार बोलवायचं, आणि कुणासाठी? स्वतःच्या या प्रश्नाची त्यांना शरम वाटली.

मग त्यांनी खरं सांगितलं. देवी विसरली ती विसरलीच. वर एकदाच मिळतो. राजपुत्र म्हातारा होत गेला, पण मरेना. हात उचलेना, पाय हलेना. देवीने काही दिवस त्याला भरवलं, चांगले कपडे घातले. मग तिला बघवेना. तिने त्याला एका खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. तो आत पडून आहे, सुकत सुकत पार एवढासा झालाय, आणि नुसता बोलतोय. काय बोलतो ते कळत नाही. कुणी म्हणतात शेवटी तिने त्याचा किडा केला, रात्रभर किरकिरणारा.

टॅक्सीवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि ऑपरेटरबाईंना हसू फुटलं. आधी खुदकन, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘‘अगं बाई! एवढी देवी, आणि अर्जातला एक रकाना भरायचा राहिला!’’

‘‘प्रूफात हेच असतं,’’ काका कसेबसे म्हणाले. ‘‘चुकलेला शब्द डोळ्याला दिसतो. राहून गेलेला दिसत नाही.’’

बाईंनी डोळे पुसले. ‘‘आणि त्या राजपुत्राला कुणी विचारलं का हो? की बाबा रे, असं जगायचंय का तुला?’’

काकांनी आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे, ओळ न् ओळ. ‘‘नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही.’’

‘‘बघा,’’ बाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडून राहिल्या. अकरा वाजता सुया निघाल्या. जाताना त्या काकांच्या खुर्चीपाशी थांबल्या. ‘‘हे सगळ्यात चांगलं होतं,’’ म्हणाल्या. ‘‘उगाच मागे ठेवलंत.’’

सोमवारी चार नंबर रिकामी होती. बुधवारीही. सिस्टरने कुणी न विचारताच सांगितलं की त्यांनी सही करून बंद केलं. टॅक्सीवाल्याने गोष्ट मागितली नाही, आणि टीव्ही कधीच दुरुस्त झाला नव्हता, त्यामुळे चार तास सगळ्यांनी मशीनं ऐकली.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी बाईंची इथे राहिलेली शाल न्यायला आली. काका वजन करून उतरत होते. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘शेवटी रोज पोटभर पाणी प्यायली. ग्लासच्या ग्लास. मी नको म्हणाले नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘मी तुम्हाला एकच सांगितलं होतं, काका. संपवू नका म्हणून.’’

काकांना पुष्कळ बोलता आलं असतं. ते आपल्या खुर्चीकडे वळले. ती शाल घडी करून निघून गेली.

त्या रविवारी काकांनी मनाशी एक वाक्य तयार केलं. मुलाला सांगायचं, ‘मलाही आता नको.’ एवढंच. तीनच शब्द, त्यात चूक काढायला जागा नव्हती. जेवताना सांगू म्हणाले, मग चहाला सांगू म्हणाले. सुनेने उद्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. काकांना असं जगायची भीती वाटत होती आणि मरायचीही वाटत होती. मरायची अंमळ जास्त, एवढाच काय तो फरक. सोमवारी सातला पाच कमी असताना ते खोलीत हजर होते.

चार नंबरवर नवीन बाई आली होती. पस्तिशीची असेल. पहिलीच खेप, हाताकडे बघायची हिंमत नव्हती. टॅक्सीवाला काकांना म्हणाला, ‘‘सांगा ना काहीतरी. थोरल्याचं एखादं.’’

जुनीच गोष्ट होती, आधी सांगून झालेली. पण तिला कुठे माहीत होती? काकांनी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ती नवीन बाई फिसकन हसली आणि लाजून तोंडावर हात धरला. काकांना त्या हसण्याचा संताप आला. तरी ते सांगत राहिले, कारण अजून साडेतीन तास बाकी होते.