खरकट्याचा नकाशा

आमच्या डॉक्टरीणबाई कुणाच्याही घरी पुढच्या दाराने जात नसत. घराला वळसा घालून थेट मागीलदारी जायच्या आणि भांडी घासत बसलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारायच्या, "काय ओ, खरकटं कुठं टाकता?"

आता तुम्हीच सांगा, असल्या पाहुणीला चहा कोण देईल? पण त्यांना मिळायचा. बाई दापोलीच्या गुरांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर होत्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं, आणि गुरांचा डॉक्टर म्हणून बाईमाणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई बघायला सुरुवातीला लोक जनावर न घेताच दवाखान्यात येत. बाई त्यांनाच कामाला लावायच्या. "आलाच आहात तर शेपूट धरा."

मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. एका रविवारी त्यांनी मला हुकूम सोडला, "मास्तर, तालुक्याचा नकाशा काढून द्या. भिंतभर पाहिजे."

कारण तसंच होतं. आतल्या एका गावात पिसाळलेला कोल्हा वाडीत शिरला होता. त्यानंतर काही दिवसांनी एक गाय लाळ गाळायला लागली. घशात काही अडकलं असेल म्हणून घरधन्याने तिच्या तोंडात हात घातला. गाय मेली, आणि त्या बिचाऱ्याला पोटात इंजेक्शनं घ्यायला रत्नागिरीला जावं लागलं. आता हे दुखणं पुढे कुठल्या गावात जाणार, ते बाईंना आधी ओळखायचं होतं. लस थोडी होती. सगळ्या तालुक्याच्या कुत्र्यांना ती पुरणार नव्हती.

मी जीव ओतून नकाशा काढला. प्रत्येक गावाला वेगळा रंग दिला, कडेला वेलबुट्टी काढली. बाईंनी तो भिंतीला लावला, कौतुकाने पाहिला आणि खोडरबर घेऊन माझ्या गावांच्या हद्दी पुसायला लागल्या.

"अहो, हे काय करताय?"

"कुत्र्याला ग्रामपंचायत कळत नाही, मास्तर."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, हे मला जास्त लागलं.

हद्दींच्या जागी मग काळे ठिपके आले. वाडीवाडीचं खरकटं कुठे पडतं, मेलेली ढोरं कुठे टाकतात, किनाऱ्यावर मासळी सुकवतात तिथे डोकी कुठे फेकतात. जिथे खायला मिळतं तिथे कुत्रे जमतात, कोल्हेही येतात, आणि जिथे दोघे भेटतात तिथेच चावाचावी होते, असं त्यांचं साधं गणित होतं. माझा नकाशा कांजिण्या आलेल्या पोराच्या पाठीसारखा दिसायला लागला.

एवढं करूनही वाट सापडेना. गाय मेली त्या गावाच्या चारी बाजूंना ठिपके होते. मग एका दुपारी बाईंनी मला त्या गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, नेलं. तापलेला कातळ, झाड औषधाला नाही. बाई एका जागी उकिडव्या बसल्या आणि काटकीने काहीतरी फोडायला लागल्या. जवळ जाऊन बघतो तर कोल्ह्याची वाळलेली विष्ठा. मी नाकाला रुमाल लावला.

"रुमाल काढा आणि बघा. हे काय आहे?"

आत तांबडे, कडक तुकडे होते. मी कोकणातला माणूस, ते मला ओळखावेच लागले. समुद्रातल्या कुर्ल्यांची कवचं होती ती. समुद्र तिथून दिसतसुद्धा नव्हता.

"म्हणजे तुमचा कोल्हा राहायला इथं आणि जेवायला समुद्रावर," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला विष्ठेचा विसर पडला. सड्यावरून एक पऱ्ह्या, पावसाळी ओढा, खाली उतरत होता. आम्ही त्याच्या कडेकडेने चालत राहिलो ते थेट बुरोंडी गावच्या वाळूवर निघालो. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूत कोल्ह्याची पावलं होती, आणि थोड्या अंतरावर मासळीच्या डोक्यांवर गावचे कुत्रे भांडत होते.

बाईंनी सगळी लस बुरोंडीला द्यायची ठरवली तेव्हा मोठा गहजब झाला. तालुक्याचे एक पुढारी दवाखान्यात येऊन टेबलावर हात आपटून म्हणाले, "गाय मेली सड्यावर आणि लस चालली समुद्रावर? रस्त्याला लागून आमची एवढी गावं आहेत. चुकलात तर?"

"चुकले तर माझी बदली करा. पण बरोबर ठरले, तर पुढच्या वर्षी जास्त लस मागायला तुम्ही माझ्यासंगं रत्नागिरीला यायचं."

बुरोंडीच्या बायका तर त्याहून तापल्या. गावात काही नसताना सुया टोचायला लागलात तर बदनामी होईल, मासळीला गिऱ्हाईक येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तिथे कुत्रा कुणा एकाचा नसतो. जी बाई जिथे मासळी सुकवते तिथले कुत्रे तिच्या हाकेला येतात, इतकंच. म्हणजे बायका रुसल्या की कुत्रा हाती लागायचा नाही.

बाईंनी वाद घातला नाही. सगळ्यांत खमक्या म्हातारीच्या शेजारी फतकल मारून बसल्या, तिची विळी ओढली आणि मासळी साफ करायला लागल्या. तुम्हाला सांगतो, बाई पक्क्या शाकाहारी. नाक आक्रसून, मान एका बाजूला वळवून चाललं होतं. म्हातारी थोडा वेळ बघत राहिली.

"ठेव गो बाय, ठेव. मासळीची पार वाट लावलीस," ती हसत म्हणाली. मग तिने तोंडाजवळ हात नेऊन हाक दिली, "खंड्या, ये रे!" तिचा खंड्या आला, त्याच्यामागे बाकीचे आले. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही आपापल्या हाका दिल्या. बांगड्यांच्या टोपल्यातल्या बर्फात लस ठेवली होती. बाई टोचत गेल्या आणि टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर मी लाल ऑइल पेंटचा टिळा लावत गेलो. गावातली माणसं म्हणाली, कुत्र्यांची लग्नं लागली.

थंडी सरता सरता एका सकाळी पऱ्ह्यातून कोल्हा उतरला. भर उजेडात, माणसांना न भिता, तोंडाला फेस. मासळीच्या जागी पडलेल्या कुत्र्यांमध्ये तो घुसला आणि दिसेल त्याला चावत सुटला. खलाशांनी त्याला वल्ह्यांनी मारला. त्याचं डोकं बर्फात घालून तपासायला गेलं आणि उत्तर आलं. पिसाळलेलाच होता.

नकाशा खरा ठरला होता. पण बाईंना आनंद करायला उसंत कुठे? पुरुषमाणसं काठ्या घेऊन निघाली होती. चावलेले सगळे कुत्रे मारायचे. खंड्याचा कान फाटला होता.

बाई मध्ये उभ्या राहिल्या. "ह्यांना लस दिलेली आहे. जखमा धुऊन परत टोचते. आंबे उतरेपर्यंत बांधून ठेवा."

"आणि पिसाळला तर?" कुणीतरी विचारलं.

लस आहे म्हणजे शंभर टक्के, असं खोटं बाईंना बोलता येत नव्हतं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "माझा खंड्या माझ्या दारात बांधा. पिसाळला तर मला आधी कळंल."

होड्यांच्या दोरांनी कुत्रे बांधले गेले. बाई जीप असली तर जीपने, नाहीतर एस.टी.ने येत राहिल्या. प्रत्येकाचा जबडा बघायच्या, पाणी पितो का बघायच्या, भुंकण्याचा आवाज कान देऊन ऐकायच्या. त्या दिवसांत त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. होळी झाली. आंबे उतरले. कुणी पिसाळला नाही. एक म्हैस दगावली नाही, एका पोराला सुई घ्यावी लागली नाही. पुढारी गुपचूप बाईंबरोबर रत्नागिरीला जाऊन आले आणि पुढच्या वर्षी लस दुप्पट मिळाली.

पुढे बाईंची बदली झाली, मग निवृत्ती. गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. मला तेव्हा दवाखाना आठवला नाही, नकाशाही नाही. आठवला तो कुत्रे सोडायचा दिवस. सगळं बुरोंडी वाळूत उभं होतं. म्हातारीने खंड्याच्या गळ्यातली गाठ सोडली, मग बाकीच्यांच्या सुटल्या, आणि इतके महिने अडकून पडलेले ते कुत्रे जे उधळले ते थेट लाटांत. त्यांच्यामागे साडीचा ओचा वर खोचून, हातात चपला घेऊन, मोठ्याने हसत आमच्या डॉक्टरीणबाई धावत होत्या. सरकारी अधिकारी असा धावताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.