मागं उभा राहिलेला माणूस

आमचं पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या डोंगरात होतं. मी हवालदार, ट्रकचा ड्रायव्हर, गंगापूरचा. माझा को-ड्रायव्हर सिपाही सिद्धार्थ साळवे, फुलंब्रीकडचा. एवढ्या लांब शेजारच्या सीटवर आपल्याकडचा माणूस मिळणं हे नशीबच. ट्रक देशी कंपनीचा. आवाजानं कान किटायचे, पण कडाक्याच्या थंडीतही पहिल्या सेल्फला सुरू व्हायचा. "ह्याचा एखादा नट तरी आपल्या वाळूजचा असंल," सिद्धार्थ म्हणायचा. त्याचा भाऊ अमोल वाळूजला कंपनीत होता, त्याचा हा अभिमान.

फौजेत एक नियम आहे. एकट्यानं गाडी मागं घ्यायची नाही. को-ड्रायव्हर उतरतो आणि ड्रायव्हरला आरशात दिसेल असा मागच्या कोपऱ्याशी उभा राहतो. बॉडीवर दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. बाकी बोलायचं काही नसतं.

त्या दिवशी रसद घेऊन चार ट्रकांची कॉन्व्हॉय निघाली होती. आम्ही सगळ्यात मागं. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा होता. एका वळणापुढं दरड कोसळली आणि वरून दगड यायचे थांबेनात. पुढचे तिन्ही ट्रक त्या माऱ्यात अडकले. आम्ही मागं सरकल्याशिवाय त्यांना हलता येणार नव्हतं. वायरलेस सेटवर सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

"चार नंबर, गाडी पीछे लो. जल्दी."

"चार नंबर, रॉजर."

सिद्धार्थ तोवर उतरलाही होता. डोंगराच्या अंगाला दगड पडत होते, म्हणून तो दरीच्या बाजूला उभा राहिला.

"साहेब, माझ्याकडं बघा. वर बघू नका."

दोन थापा. मी गाडी घेतली. पुन्हा दोन थापा. मग एकच थाप पडली, जोरात. मी ब्रेक दाबला आणि आरशात बघितलं. आरशात नुसतं आभाळ होतं.

मागचं चाक कडेपासून वीतभर अलीकडं थांबलं होतं. कडा खचतेय हे त्याला दिसलं असणार. उडी मारली असती तर तो वाचला असता. त्यानं आधी थाप मारली. सुभेदारसाहेब धावत आले, स्वतः मागं उभे राहिले आणि मी डोंगराकडच्या अंगानं ट्रक काढला. तिन्ही गाड्या सुटल्या. तो खाली दरीत असताना स्टिअरिंग फिरवत राहणं, याहून अवघड काम मी नोकरीत केलं नाही. संध्याकाळी त्याला वर आणलं.

आता मी फौजेतून रिटायर होऊन संभाजीनगरात, त्या ट्रकच्याच कंपनीच्या शोरूमला आहे. नवीन गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचवतो. हल्ली पिकअपला मागं कॅमेरा असतो. सेल्समन पोरं सांगतात, आता मागं माणूस उभा करायची गरज नाही. मला राग येतो. पण खरं सांगायचं तर मागं कुणी उभं राहिलं की माझा पाय ब्रेकवरून उठत नाही. तो कॅमेरा माझ्याच सोयीचा झालाय.

परवा सिद्धार्थच्या भावानं, अमोलनं पिकअप घेतली, गावाकडची अद्रक बाजारात न्यायला. त्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणून गाडी न्यायला त्यांचे वडील आले. मी त्यांना घेऊन गावी गेलो. घराकडं जाणारा बोळ अरुंद, कडेला नाली. गाडी मागंच घ्यावी लागणार होती. बाबा उतरले आणि नालीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"बाबा, बाजूला व्हा. कॅमेरा हाय गाडीला."

"ऱ्हाऊ द्या तुमचा कॅमेरा. त्यो इथंच उभा व्हता ना, ह्या अंगाला?"

सिद्धार्थच्या मातीला आलो, तेव्हा मीच त्यांना सगळं सांगितलं होतं.

"व्हय, बाबा."

"मग या."

दोन थापा पडल्या. मी ब्रेकवरून पाय उचलला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडं मी बघितलंच नाही, आरशात बघत राहिलो. बोळ सरत आला. मग एक थाप पडली, हलकी, म्हाताऱ्या हाताची. मी ब्रेक दाबला.

आरशात बाबा होते. हात अजून गाडीवरच होता. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर ते माझ्याकडंच बघत होते.

"त्याची थाप ऐकू आली व्हती ना तुम्हाला?"

"आली, बाबा."