बोंब मारूची खंय?

आमच्या आतेला कोणी काही विकायला आलं, मिक्सर असो की छत्री, ती वस्तूकडे बघायचीच नाही. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारायची, "बिघाडला तर बोंब मारूची खंय?" ती स्वतः समुद्रकाठच्या आमच्या तोंडवलीहून सुके मासे घेऊन दर आठवड्याला कुडाळच्या बाजारात बसे. माल खराब निघाला तर पुढच्या बाजारी ती त्याच जागी सापडायची. इतरांनीही सापडावं, बोंब कुठे मारायची ते कळावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी तेव्हा इमारतींचे आराखडे काढायला शिकत होते. कॉलेजातले कॉम्प्युटर मुलगे संध्याकाळपर्यंत सोडत नसत आणि मला शेवटची एसटी गाठायची असे. समान संधी म्हणतात ती हीच. घरी कॉम्प्युटर आला नाही तर शिक्षण सुटणार, हे उघड होतं. बाबा म्हणाले, जमत नसेल तर सोड. आते म्हणाली, "सोडूचा नाय. चल गो कुडाळाक."

पहिल्या चकचकीत दुकानात उत्तर मिळालं, "बिघडला तर कंपनीला फोन करा."

"कंपनी खंयच्या बाजाराक बसता?" असं विचारून आते बाहेर पडली.

दुसरा दुकानदार तिलाच म्हणाला, "मुलीला टायपिंगपुरताच ना? मग वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला?"

"तिका काय होया ता तिकाच इचार. माका टायपिंगय येणा नाय."

त्याने नाइलाजाने मला विचारलं. मी सांगितलं, कार्ड नसेल तर पडद्यावर इमारत फिरवताना अडकते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी दुकानदार माझं पूर्ण वाक्य ऐकत होता. कार्ड बसलं. मग आतेचा प्रश्न आला. "माझ्याकडेच या, मावशी," तो म्हणाला. तिने त्याचं घरही विचारून घेतलं.

पावसाळ्यात, आराखडे द्यायच्या आठवड्यातच, पडद्यावर नुसत्या रेघा. दुकानदार म्हणाला, खारी हवा लागली, ती वॉरंटीत बसत नाही. मी ग्राहकाच्या हक्कांवर भाषण ठोकलं. तो मध्येच फोनवर बोलायला लागला. आतेने सुक्या बांगड्यांची टोपली त्याच्या पायरीवर ठेवली.

"बिल करताना गाव इचारलंस मा? तेवा दर्या दिसाक नाय तुका? बसतंय मी. तुझी गिरायकां येऊदेत."

दार उघडं, आत एसी, बांगड्यांचा वास थेट गल्ल्यापर्यंत. दुपारच्या आत नवं कार्ड बसलं. माझे आराखडे वेळेत गेले.

पुढे त्याच कॉम्प्युटरवर मी पहिलं पत्रक केलं, आमच्या वाडीच्या बंद नळांबद्दल. आते अंथरुणाला खिळली होती. मी निषेध, धिक्कार, सगळं खणखणीत वाचून दाखवलं.

"बरा आसा," ती म्हणाली. "पण बोंब मारूची खंय, ता खंय लिवलंस?"

मी खाली कचेरीचं नाव, साहेबांचा हुद्दा आणि जायची वेळ घातली. तिने पुन्हा वाचून घेतलं. "आता छाप."

आम्ही वाडीतले त्या कचेरीत गेलो तेव्हा आते राहिली नव्हती. साहेब म्हणाले, निवेदन ठेवा आणि निघा, बघू.

मी पायरीवर पदर सावरून बसले. म्हटलं, "बसतंय मी."