आखाडा बाळापूरचं विलायती कपाट

डीव्हीडी विकत घ्यावी लागते, तिच्यामागून येणारा किस्सा मात्र फुकट असतो. आमच्या कांबळे सरांच्या बैठकीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात वरपासून खालपर्यंत जुन्या ब्रिटिश सिनेमांच्या आणि मालिकांच्या डीव्हीडी, आणि अगदी तळाला काही व्हिडिओ कॅसेटी. नवीन माणूस आला की हटकून विचारतो, "एवढ्या सगळ्या बघून झाल्या का?" त्याला काय सांगायचं? बघायला दीड-दोन तास लागतात, पण एकेका डबीला चिकटलेलं सांगायला बसलं तर चहा दोनदा ठेवावा लागतो. त्यातलं जे आठवतंय ते सांगतो.

*

मी दत्ता. बाळापूरच्या बाजारात माझं टीव्ही-रेडिओ रिपेरिंगचं दुकान आहे. आता मोबाईलच जास्त येतात, ते सोडा. कांबळे सरांनी मला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, म्हणजे त्यांच्याकडून प्रयत्नांत कसूर नव्हती. ते निवृत्त झाले त्या वर्षी एक दिवस डीव्हीडी प्लेअर काखेत मारून दुकानात आले. म्हणाले, "तीस वर्षं पोरांना इंग्रजी वाचून दाखवलं. पण ते लोक घरात बसून कसं बोलतात, ते मलाच धड ठाऊक न्हाई. आता सवड आहे, ऐकतो."

त्यांचा एक जुना विद्यार्थी तिकडे इंग्लंडात दवाखान्यात नोकरीला आहे. त्यानं जुन्या वस्तूंच्या दुकानातून चार सिनेमे घेऊन सरांना पाठवले होते. सरांनी मोठ्या हौसेनं पहिला लावला, तर पडद्यावर नुसती एक ओळ.

"वाच," सर म्हणाले.

मी वाचली. ही डिस्क तुमच्या भागात चालणार नाही, असं लिहिलं होतं. डीव्हीडीवाल्यांनी दुनियेचे भाग पाडलेत, विलायतेचा नंबर दोन आणि आपला पाच. दोनची डिस्क पाचच्या मशीनमध्ये चालत नाही. मी हे समजावून सांगितलं. सर थोडं हसले.

"लहानपणी गावात हे मला बऱ्याच जणांनी सांगितलंय दत्ता, तुमचं इकडं चालणार न्हाई म्हणून. मशीननं सांगायची ही पहिलीच खेप."

मी रिमोट हातात घेतला. त्या काळच्या स्वस्त प्लेअरांची एक खुबी असायची: ट्रे उघडा ठेवायचा, रिमोटवर ठरावीक आकडे दाबायचे, की कुलूप निघालं. मी दाबले. डिस्क आत सरकली आणि पडद्यावर काळं-पांढरं धुकं आलं, धुक्यातून एक सायकलवाला आला.

सर बराच वेळ त्या सायकलवाल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच व्हतं? चार आकडे?"

"एवढंच सर."

"आन् कुणी सांगत नव्हतं."

*

पुढं पार्सलं नेमानं यायला लागली. सर यादी पाठवायचे, विद्यार्थी दुकानं पालथी घालायचा. आमच्या पोस्टमनला पहिल्यांदा त्यात काय आहे ते कळलं, तेव्हा त्यानं विचारलं, "सिनेमे? इंग्लिश?"

"जुने इंग्लिश," सर म्हणाले.

पुढच्या वेळी पार्सल आलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, पोस्टमनच्या पिशवीत सगळ्यांत खाली. त्यानं आजूबाजूला बघून ते सरांच्या हातात सरकवलं आणि हळूच म्हणाला, "सर, मी कुणाला बोलत न्हाई. पण सिस्टर घरात असतात, जरा बेतानं."

सिस्टर म्हणजे सरांच्या पत्नी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची, म्हणून सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणतो. हे ऐकून त्याच सरांच्या आधी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रविवारी दहाला या. मीबी बसणार हाय बघायला."

तो आला. घाबरत आला, पण आला. त्या दिवशीच्या सिनेमात एक गावचा मास्तर आणि एक विधवा पोस्टमास्तरीण पावणेदोन तास टपालखात्याच्या खिडकीच्या अल्याड-पल्याड उभे राहून बोलत होते. पोस्टमन जागचा हलला नाही. सिनेमा संपल्यावर चप्पल घालता घालता म्हणाला, "शेवटपर्यंत तिकीटच घेत राहिला येडा. एकदा तरी हात धरायचा."

तेव्हापासून तो पार्सल उघड्यावर आणून देतो.

*

गंगाधरराव आमच्यात आले ते हळदीमुळं. वारंगा फाट्याच्या वाटेवर त्यांचं रान आहे. ते सरांकडे घरची हळद द्यायला आले आणि पडद्यावर घोड्यांचा नांगर चालू होता म्हणून उभ्या उभ्या थांबले. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पण शेतातली मालिका लागली की सर, सिस्टर, मी आणि ते अशा आमच्या चौघांत जास्त समजतं ते त्यांनाच.

त्या मालिकेचा नायक जमीनदाराचा मुलगा होता. गंगाधररावांनी त्याला पहिल्याच भागात बाद केला. "ह्यानं जन्मात नांगर धरला न्हाई. हात बघा त्याचे." मग बोट पुढं करून म्हणाले, "त्यो मागचा बघा. त्यो खरा."

मागं एक म्हातारा होता, गाडीवान. त्याला एक वाक्यही नव्हतं. नायक-नायिका पुढं बोलायचे आणि हा मागं घोड्याचा पट्टा सोडायचा, खुराखालचा खडा काढायचा, वैरण टाकायचा. आम्ही नायिकेकडे बघायचो, गंगाधरराव म्हाताऱ्याकडे. "आज थकलाय," म्हणायचे. "आज घोडं त्याला दुसरं दिलंय, जमून न्हाई राहिलं."

पाचव्या भागात म्हातारा दिसला नाही. सहाव्यातही नाही. घोड्याजवळ एक तरणा माणूस होता.

"सर, त्यो कुठं गेला?"

"कथेत काही न्हाई त्याचं," सर म्हणाले.

"कथेचं न्हाई इचारत. त्यो कुठं गेला?"

डीव्हीडीच्या डबीत एक बारीक पुस्तिका असते, शूटिंग कसं झालं वगैरे सांगणारी. सरांनी चष्मा लावून ती सगळी वाचली. शेवटच्या पानावर दोन ओळी सापडल्या. मागची माणसं त्याच गावची खरी शेतकरी मंडळी होती, आणि त्यांतला एक गाडीवान काम चालू असतानाच वारला.

सरांनी ते मराठीत सांगितलं. गंगाधररावांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्या दिवशी पुढचा भाग लावला नाही.

पुढच्या रविवारी ते आले आणि म्हणाले, "पहिल्यापासून लावा. त्यो हाय तवरच बघू."

*

सगळे किस्से असे नाहीत. एकदा सरांनी मोठ्या मिनतवारीनं मिळालेली एक डिस्क गंगाधररावांना घरी नेऊ दिली. त्यांच्या सुनेनं हौसेनं प्लेअर घेतला होता. दोन महिने झाले, डिस्क परत येईना. सरांचा स्वभाव मागायचा नाही, पण कपाटातली ती फट त्यांना दिसायची. शेवटी मला घेऊन ते रानात गेले.

ज्वारी हुरड्यात आली होती. बांधावरून बघितलं तर मधोमध काठीला दोरीनं बांधलेलं काहीतरी गरगर फिरत होतं, उन्हात लखलख करत होतं. सुनेच्या प्लेअरवर ती चालेना, म्हणून तिनं रिकामी डिस्क समजून पाखरं हाकलायला लावली होती.

गंगाधरराव तर खाली मान घालून उभे. "सर, माझी चूक हाय. मी बघितलंच न्हाई."

सर कणसांकडे बघत होते. "पाखरं येत न्हाईत खरंच?"

"एक न्हाई."

"काही नवल न्हाई," सर म्हणाले. "हा सिनेमा लागला तेव्हा लंडनमध्येबी बघायला कुणी आलं नव्हतं."

मी नंतर ती डिस्क पुसून, घासून बघितली. चाळिसाव्या मिनिटाला अडकते. नायिका जिन्यात उभी आहे ती उभीच राहते. सरांनी ती तशीच कपाटात तिच्या जागेवर ठेवली.

*

सिस्टरना ऐकू येणं कमी होत गेलं आणि मग जवळपास थांबलं. कानाचं मशीन घेतलं होतं, पण त्यात नुसती खरखर वाढायची, म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, तेव्हा आम्ही पडद्यावर खाली सबटायटलच्या ओळी येणाऱ्या डिस्का लावायला लागलो.

या ओळींमध्ये एक गंमत असते. ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेल्या असल्या की त्यात आवाजही लिहिलेले असतात. दूर कुत्रं भुंकतं. किटलीला उकळी येते. बाहेर चिमण्या.

त्या चिमण्यांच्या ओळीला सिस्टरनी मला खूण करून सिनेमा थांबवायला लावला. अंगणाकडे बघून विचारलं, "दत्ता, आपल्या इथं अजून वरडतात का रे?"

मी कान दिला. होत्या. मी मान हलवली.

"मला वाटलं गेल्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक पाटी आली. सर येता-जाता तिच्यावर खडूनं लिहायचे: दारात भाजीवाला. कुकरची दुसरी शिट्टी. विहारात वंदना सुरू झाली. शेजारी मिक्सर चालू आहे.

आठवडाभर सिस्टरनी वाचलं. मग म्हणाल्या, "अहो, चांगलं चांगलं लिवत जा. मिक्सर कशाला कळवता?"

*

मागच्या वर्षी सर गेले. छातीत दुखायला लागलं म्हणून नांदेडला नेलं, तिथं तीन दिवस होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला इतके विद्यार्थी आले की मांडव पुरला नाही. नंतर सगळे पांगले आणि रविवारी दहा वाजता आम्ही दोघं, मी आणि गंगाधरराव, सवयीनं सिस्टरच्या बैठकीत जाऊन बसलो. काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

महिन्याभरानं टपालानं पार्सल आलं. सरांनीच मागवलेलं. सिस्टरनी ते फोडलं नाही, रविवारपर्यंत तसंच ठेवलं. आम्ही आल्यावर कात्रीनं उघडलं. एक जुना काळा-पांढरा सिनेमा होता. मी लावला, मेन्यू तीनदा बघितला. खालच्या ओळी त्यात नव्हत्याच.

आता अडचण अशी की सर असताना ते गंगाधररावांना प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचे, आणि सिस्टर ओळी वाचायच्या. आज सांगायला कोणी नाही आणि वाचायला ओळ नाही. मी सिस्टरकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि रिमोट खाली ठेवला.

"लाव," त्या म्हणाल्या. "त्यांनी मागवलाय."

समुद्राकाठचं एक घर. एक माणूस बऱ्याच वर्षांनी तिथं येतो, हातात बॅग. एक बाई दार उघडते. दोघं स्वयंपाकघरात जातात आणि बोलायला लागतात. बोलतच राहतात.

थोड्या वेळानं गंगाधररावांनी खुर्ची वळवली. सिस्टरना आपलं तोंड दिसेल असे बसले आणि सावकाश म्हणाले, "ती म्हणती, इतक्या दिवसानं काहून आलास?"

सिस्टरनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, मग पडद्याकडे. "न्हाई. ती चिडलेली न्हाई. चिडलेली बाई असं भांडं खाली ठेवत न्हाई. ती म्हणती, जेवलास का."

"बरं. जेवलास का." गंगाधररावांनी मान्य केलं. "मग त्यो म्हणतो, वाटंत खाल्लं."

"खोटं बोलून राहिला."

"व्हय. खोटंच दिसतंय."

असं दोघांनी तासभर चालवलं. तो कुठं होता, त्यानं पत्र का पाठवलं नाही, तिनं दार कुणासाठी रंगवलं, सगळं ठरलं. सरांच्या कृपेनं मला चार शब्द कळतात. ती बाई छपराबद्दल, कसल्याशा कागदांबद्दल बोलत होती.

शेवटी तो माणूस बॅग उचलतो आणि दारात येतो. ती उंबऱ्यावर उभी राहून एक लांब वाक्य बोलते. मग दार बंद होतं. गंगाधरराव थांबले.

सिस्टर बंद दाराकडे बघत म्हणाल्या, "ती म्हणती, जा तुमी. कडी मी लावून घेते."

पुढं दिवाळीला सिस्टरची मुलगी नांदेडहून आली. ती इंग्रजीची प्राध्यापक आहे. गंगाधररावांनीच तिला तो सिनेमा बघायला बसवलं. ती शेजारी बसून भराभर मराठीत सांगत गेली आणि आईसाठी वहीच्या कागदावर लिहीत गेली. सिनेमातली ती दोघं बहीण-भाऊ होती. घर विकायचं की नाही यावरून सगळं भांडण. आणि शेवटी दारात ती म्हणते, किल्ली उद्या सकाळी वकिलाकडे पोचती कर.

सिस्टरनी कागद वाचला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावून वाचला.

"वकिलाकडं?"

मुलीनं मान हलवली.

सिस्टरनी कागदाची घडी केली आणि गंगाधररावांकडे वळल्या. "गंगाधरराव, तुमी सांगा. शेवटी काय म्हणती ती?"

गंगाधररावांनी घसा खाकरला. एकदा त्या मुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग सिस्टरना नीट दिसेल असं तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ती म्हणती, जा तुमी. कडी मी लावून घेते."

"बराबर," सिस्टर म्हणाल्या.